आयडाहोचा छोटा अणुप्रकल्प का थांबला?

अणूपासून विजेपर्यंत : लेखांक ६

लहान मॉड्यूलर अणुभट्टी, म्हणजे एसएमआर, कशाला म्हणतात ते गेल्या आठवड्यात पाहिलं. साधारण ३०० मेगावॉटपर्यंतची ही भट्टी कारखान्यात तयार करायची आणि जागेवर नेऊन बसवायची, अशी ती कल्पना. आज अशाच एका प्रकल्पाची हकिकत सांगतो. तो उभा राहिला नाही, पण या विषयातलं मर्म समजून घ्यायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

जागा होती अमेरिकेतल्या आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या विस्तीर्ण, कोरड्या माळावरची. याच परिसरात २० डिसेंबर १९५१ रोजी अणुभट्टीच्या विजेवर चार दिवे लागले होते. आणि याच परिसरात ३ जानेवारी १९६१ रोजी एसएल-१ या लष्कराच्या अगदी छोट्या भट्टीची नियंत्रक दांडी हाताने नको तितकी वर उचलली गेली, भट्टी फुटली आणि तीन जणांचा जीव गेला. भट्टी लहान आहे म्हणून ती आपोआप सुरक्षित ठरत नाही. सुरक्षितता तिच्या रचनेत असावी लागते.

ओरेगॉन स्टेट विद्यापीठातल्या संशोधनातून पुढे आलेल्या नूस्केल कंपनीच्या आराखड्यात ती रचना खरोखर विचारपूर्वक केलेली आहे. भट्टीतलं पाणी फिरवायला पंपच नाहीत. गाभ्यात तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, वरच्या नळ्यांच्या वेटोळ्यांना उष्णता देतं, गार होऊन जड होतं आणि कडेने खाली उतरतं. नळ्यांच्या आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती टर्बाइनकडे जाते. गाभा आणि वाफ तयार करणाऱ्या नळ्या एकाच उभ्या पात्रात, त्या पात्राभोवती पोलादी कवच, आणि अशी सगळी मॉड्यूल्स जमिनीखालच्या एका मोठ्या तलावात बुडवलेली. २०११ मध्ये फुकुशिमात त्सुनामीने डिझेल जनित्रं बंद पाडली आणि गाभा थंड ठेवणारे पंप थांबले. इथे वीज गेली तरी गाभ्यात उरलेली उष्णता तलावाचं पाणी शोषून घेणार, त्यासाठी कुणी बटण दाबायचीही गरज नाही. अभियांत्रिकीचं हे काम मला मनापासून आवडतं.

विजेचं गिऱ्हाईक होती युॲम्प्स ही संस्था, म्हणजे यूटा आणि आसपासच्या राज्यांतल्या गावांच्या सार्वजनिक वीज विभागांचा संघ. त्यांना कोळशाला पर्याय हवा होता. सुरुवातीचा बेत ५० मेगावॉटच्या बारा मॉड्यूल्सचा होता. पुढे एका मॉड्यूलची क्षमता वाढवत ७७ मेगावॉटवर नेली आणि संख्या सहावर आणली. एकूण क्षमता ४६२ मेगावॉट. केंद्र सरकारच्या ऊर्जा खात्याने २०२० मध्ये १.३५ अब्ज डॉलरहून अधिक मदत मंजूर केली.

मग जानेवारी २०२३ मध्ये नवा हिशेब आला. बांधकामाचा अंदाज ५.३ अब्ज डॉलरवरून ९.३ अब्जांवर गेला होता. पोलाद, पाइप, तांबं महागलं, व्याजदर चढले. विजेचा लक्ष्यदर युनिटला ५.८ सेंटवरून ८.९ सेंट झाला. त्या वेळच्या विनिमय दराने ही वाढ पावणेपाच रुपयांवरून सव्वासात रुपयांवर. तोही सरकारी सवलत धरून. ती सुमारे तीन सेंटची सवलत नसती तर युनिट बारा सेंटच्या घरात गेलं असतं.

ही रक्कम भरणार होती छोटी गावं. लोगन आणि लीहाय ही यूटातली शहरं २०२० मध्येच बाहेर पडली होती. प्रकल्प पुढे न्यायला बहुतेक सगळी वीज आधीच विकली जायला हवी होती. प्रत्यक्षात गावांनी नोंदवलेली मागणी ११६ मेगावॉटच्या आसपास, म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा होती. ८ नोव्हेंबर २०२३ रोजी प्रकल्प रद्द झाल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकी नियामक आयोगाने नूस्केलच्या ५० मेगावॉटच्या आराखड्याला प्रमाणपत्र दिलं होतं. ७७ मेगावॉटच्या आराखड्याला मान्यता मिळाली ती मे २०२५ मध्ये, तोवर आयडाहोतलं काम संपलेलं होतं.

मोठ्या भट्ट्या बांधण्यामागे एक सरळ गणित असतं. क्षमता निम्मी केली म्हणून पहारा, परवाने, नियंत्रण कक्ष, काँक्रीट यांचा खर्च निम्मा होत नाही. लहान भट्टीला ही तूट भरून काढायची तर एकच वाट आहे, एकाच आराखड्याची मॉड्यूल्स कारखान्यातून लागोपाठ निघाली पाहिजेत. स्वस्ताई विसाव्या-तिसाव्या मॉड्यूलला येईल, पण पहिल्या सहांचं बिल कुणी तरी भरावं लागतं. आयडाहोत ते काही हजार घरांच्या गावांवर येऊन पडलं. त्या गावांनी हात आखडला म्हणून त्यांना दूरदृष्टी नव्हती असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांच्या नगरसभांना दर महिन्याचं वीजबिल भरणाऱ्या माणसाला उत्तर द्यायचं होतं.

आपल्याकडे तारापूरची १९६९ मधली पहिली दोन युनिटं प्रत्येकी १६० मेगावॉटची. जड पाण्याच्या कितीतरी भट्ट्या २२० मेगावॉटच्या. आकाराने या साऱ्या लहानच, पण जागेवर बांधलेल्या. त्यातूनच पुढे आपण तारापूरला ५४० आणि काक्रापारला ७०० मेगावॉटवर गेलो. आता फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात पुन्हा लहान भट्ट्यांसाठी २०,००० कोटी रुपये आणि २०३३ पर्यंत देशी बनावटीच्या किमान पाच भट्ट्या चालू करण्याचं उद्दिष्ट आहे. या पाच भट्ट्या एकाच आराखड्याच्या असतील की वेगवेगळ्या, त्यांच्या मागे आणखी किती येणार, आणि खर्च वाढला तर तो बोजा वीज मंडळावर, कारखान्यावर की सरकारी तिजोरीवर जाणार, हे करारात आधी लिहिलेलं असावं, असं माझं ठाम मत आहे.

पुढच्या आठवड्यात कॅनडातल्या डार्लिंग्टनला जाऊ. तिथे ३०० मेगावॉटच्या चार भट्ट्यांपैकी पहिलीला एप्रिल २०२५ मध्ये बांधकामाचा परवाना मिळाला आहे आणि पहिल्या भट्टीचा खर्च उचलायला एका प्रांताची सरकारी वीज कंपनी पुढे आली आहे.