समाजशास्त्रांच्या संशोधनात कृत्रिम बुद्धिमत्ता

भारताची संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ रोजी प्रथम भरली आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी तिने संविधान स्वीकृत केले. ह्या काळात सभेत झालेली चर्चा टिपून घेण्यात आली व तिचे वृत्तांत अनेक खंडांत छापले गेले. आता असे समजा की, सभेतील किती भाषणांत केंद्र व राज्ये यांच्या अधिकारांचा विचार झाला आहे, असा प्रश्न एखाद्या अभ्यासकाला पडला. उत्तर त्या खंडांतच आहे. परंतु ते हाती लागण्यासाठी प्रत्येक भाषण वाचले पाहिजे, त्याचा आशय ठरविला पाहिजे आणि त्याची नोंद केली पाहिजे. एकट्या माणसाला ह्या कामास काही वर्षे लागतील. शिवाय पहिल्या वर्षी त्याने लावलेली कसोटी तिसऱ्या वर्षीही तशीच राहील, याची खात्री देता येणार नाही.

राज्यशास्त्र व समाजशास्त्र यांची सामग्री बहुधा अशाच स्वरूपाची असते. भाषणे, वृत्तपत्रे, जाहीरनामे, न्यायालयांचे निकाल, मुलाखती, पत्रे, हे सारे विपुल आहे आणि वाचणारे थोडे आहेत. हे वाचन यंत्राकडे सोपविता येईल काय, आणि सोपविल्यास त्याच्या उत्तरावर किती विसंबावे, ह्या प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

शब्द मोजणारे यंत्र

यंत्राच्या साहाय्याने मजकूर तपासण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेच्या संविधानाच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये ‘फेडरॅलिस्ट’ या नावाने ८५ निबंध प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १२ निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीर्घ काळ चालला. मॉस्टेलर व वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ साली त्याचा निर्णय शब्दांच्या मोजणीवरून केला. आशयाशी फारसा संबंध नसलेले बारीकसारीक शब्द प्रत्येक लेखक आपल्या सवयीने वापरतो. ‘अपॉन’ हा इंग्रजी शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत सुमारे तीन वेळा वापरी, मॅडिसन क्वचितच. अशा अनेक शब्दांचा हिशेब मांडल्यावर वादग्रस्त निबंध मॅडिसनचेच असावेत, असा निष्कर्ष निघाला. १९६६ साली हार्वर्ड येथील फिलिप स्टोन व त्यांचे सहकारी यांनी ‘जनरल इन्क्वायरर’ या संगणकीय पद्धतीचे वर्णन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. तीत शब्दांचे गट आधी ठरवून दिलेले असत आणि यंत्र मजकुरातील शब्द त्या गटांत टाकून मोजीत असे.

ह्या रीतीची मर्यादा उघड आहे. यंत्राला शब्द दिसतो, वाक्य उमगत नाही. ‘राज्यांना अधिक अधिकार द्यावेत’ आणि ‘राज्यांना अधिक अधिकार देणे घातक आहे’ या दोन वाक्यांत शब्द जवळजवळ तेच आहेत. भूमिका मात्र उलट आहेत.

भाषा शिकलेले यंत्र

२०१७ साली ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाची नवी रचना पुढे आली व परिस्थिती पालटली. तिच्या आधारे तयार झालेल्या यंत्रणांना भाषा-प्रतिमाने म्हणता येईल. अशा प्रतिमानाला प्रचंड मजकूर पुरविण्यात येतो आणि पुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ओळखण्याचा सराव त्याच्याकडून करून घेण्यात येतो. ह्या सरावात प्रत्येक शब्दाचा भोवतालच्या शब्दांशी असलेला संबंध त्याच्या गणितात उतरतो. त्यामुळे वरील दोन वाक्यांतील विरोध त्याला बहुधा ओळखता येतो. हे भाषण कोणत्या विषयाचे, बाजूचे की विरोधी, असे साध्या भाषेत विचारले असता ते उत्तर देते.

२०२३ साली झुरिच विद्यापीठातील संशोधकांनी ट्विटरवरील संदेश व वृत्तपत्रांतील लेख यांच्या वर्गीकरणासाठी चॅटजीपीटीचा प्रयोग केला. इंटरनेटवरून कामास लावलेल्या माणसांपेक्षा यंत्राचे वर्गीकरण बहुतेक बाबतींत अधिक अचूक ठरले आणि खर्च सुमारे तिसाव्या हिश्श्यावर आला. मात्र ‘अचूक’ कशास म्हणावे, हे प्रशिक्षित माणसांनी आधी केलेल्या वर्गीकरणावरूनच ठरले होते, हे विसरता कामा नये.

शंभरात नव्वद बरोबर

एखाद्या यंत्राची उत्तरे शंभरात नव्वद बरोबर येतात, असे ऐकले की समाधान वाटते. हे समाधान कितपत रास्त आहे, ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहता येईल. समजा, भाषणे १०,००० आहेत आणि त्यांपैकी १,००० भाषणे खरोखर अधिकारांच्या वाटपाविषयी आहेत. यंत्र त्या १,००० पैकी ९०० ओळखते. उरलेल्या ९,००० पैकी दहा टक्के, म्हणजे ९०० भाषणे, ते चुकून त्याच विषयाखाली टाकते. यंत्राचे एकूण ९,००० निर्णय बरोबर आहेत, म्हणजे नव्वद टक्के. तरीही त्याने दिलेली संख्या १,८०० आहे. ती सत्याच्या जवळजवळ दुप्पट झाली.

चूक सर्वांच्या बाबतीत सारखी नसेल, तर धोका वाढतो. संविधान सभेत काही सभासद इंग्रजीत बोलत, काही हिंदुस्थानीत. दोन्ही भाषांतील भाषणांत विषयाचे खरे प्रमाण दहा टक्केच आहे आणि दोन्हींत यंत्र खरी भाषणे सारखीच ओळखते, असे धरा. परंतु चुकीने आत घेतलेली भाषणे इंग्रजीत पाच टक्के व हिंदुस्थानीत पंधरा टक्के असतील, तर यंत्र पहिल्या गटात साडेतेरा टक्के आणि दुसऱ्या गटात साडेबावीस टक्के दाखवील. हिंदुस्थानीत बोलणाऱ्या सभासदांना ह्या प्रश्नाची काळजी अधिक होती, असा सिद्धान्त मग कोणी मांडील. प्रत्यक्षात तो फरक सभासदांमधील नसून यंत्राच्या भाषाज्ञानामधील असेल. अशा यंत्रांना पुरविलेल्या मजकुरात इंग्रजीचा वाटा फार मोठा असतो. म्हणून भारतीय भाषांच्या अभ्यासकाने ही शंका प्रथम घ्यावयास हवी.

मापक तपासण्याची जुनी रीत

ह्यावर उपाय आहे, आणि त्याचे मूळ तत्त्व भारतीय संख्याशास्त्राला चांगले परिचित आहे. १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी पाहणीत एकमेकांत गुंफलेल्या उपनमुन्यांची पद्धत रूढ केली. एकाच प्रदेशातून दोन वा अधिक स्वतंत्र नमुने घ्यावयाचे आणि ते वेगवेगळ्या तपासनिसांकडे द्यावयाचे. दोघांच्या निष्कर्षांत अवास्तव फरक पडला, तर दोष तपासणीत आहे, असे समजावे. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही ह्या पद्धतीचा उपयोग झाला. माहिती गोळा करणारा हाही एक मापक आहे व त्याचेही मापन झाले पाहिजे, हा तिच्यातील विचार होय.

यंत्राच्या बाबतीत हाच विचार असा लागू पडतो. सर्व भाषणांतून काही शे भाषणे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, निव्वळ यदृच्छेने, निवडावीत. दोन जाणकार माणसांनी ती एकमेकांस न विचारता वाचून वर्गीकृत करावीत. दोघांचे निव्वळ योगायोगाने किती जुळले असते, ते वजा करून खरी एकवाक्यता मोजण्याचे माप जेकब कोहेन यांनी १९६० साली सुचविले आहे. माणसांमध्येच एकमत होत नसेल, तर व्याख्या संदिग्ध आहे. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. एकमत झाल्यावर त्या नमुन्याशी यंत्राची उत्तरे, प्रत्येक भाषेत व प्रत्येक गटात वेगवेगळी, ताडून पाहावीत. चुकीचे प्रमाण कळले की संख्या दुरुस्त करता येते. पहिल्या उदाहरणात यंत्राच्या अठरा टक्क्यांतून चुकीचे दहा वजा करून आठ उरतात. त्यांना नव्वद व दहा यांच्यातील फरकाने, म्हणजे ऐंशी टक्क्यांनी, भागले की खरे दहा टक्के परत मिळतात.

एका यंत्राची तपासणी दुसऱ्या यंत्राकडून करून घेणे मात्र पुरेसे नाही. दोन्ही यंत्रे सारख्याच मजकुरावर शिकली असतील, तर ती एकच चूक एकमताने करतील.

न विचारलेल्या माणसांची उत्तरे

आतापर्यंत यंत्र हा वाचक होता. काही संशोधकांनी त्याला उत्तर देणारा नागरिक बनवून पाहिले आहे. २०२३ साली अमेरिकेतील संशोधकांच्या एका गटाने वय, वंश, पक्ष इत्यादी तपशील प्रतिमानाला देऊन, अशा व्यक्तीने काय उत्तर दिले असते, असे विचारले. अनेक गटांच्या बाबतींत उत्तरे खऱ्या पाहणीशी मिळतीजुळती आढळली. घरोघर जाण्याचा खर्च आता वाचणार, अशी आशा त्यातून उत्पन्न झाली.

पुढील तपासणीत ही आशा उणी पडली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी जवळपास आली, परंतु माणसामाणसांतील मतभेद यंत्राच्या उत्तरांत पुरेसे उतरले नाहीत. प्रश्नाची शब्दरचना किंचित बदलली की उत्तर बदले, आणि तोच प्रश्न काही महिन्यांनी विचारला असता निष्कर्ष निराळा येई. स्टॅनफर्ड येथील २०२३ च्या अभ्यासात अमेरिकेतील ६० लोकगटांच्या मतांशी प्रतिमानांची मते ताडून पाहिली, तेव्हा ६५ वर्षांवरील व वैधव्य आलेल्या व्यक्तींची मते त्यांत फारशी उमटत नाहीत, असे दिसले.

याचे कारण गूढ नाही. यंत्राला जे लिहिले गेले तेच ठाऊक असते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सात वर्षांवरील सुमारे २७ टक्के लोकांना लिहितावाचता येत नव्हते. ज्या शेतमजूर स्त्रीने आपले मत कधी कागदावर मांडले नाही, तिचे मत यंत्रात कोठून येणार? यंत्र तिच्या नावाने उत्तर देईल, ते सुबोधही असेल. परंतु ते इतरांनी तिच्याविषयी लिहिलेल्या गोष्टींवरून बेतलेले असेल. धोरण ठरविताना तेच तिचे मत म्हणून धरले गेले, तर तिला न विचारताच तिचा कौल घेतला, असे होईल.

तात्पर्य, संविधान सभेच्या खंडांपुढे बसलेल्या अभ्यासकाला यंत्राची मदत घेण्यास हरकत नाही. वर्षांचे काम त्यामुळे काही दिवसांवर येईल. मात्र कोणते प्रतिमान, त्याची कोणती आवृत्ती, कोणत्या शब्दांत सूचना दिली व केव्हा, हे त्याने नोंदवून ठेवावे, म्हणजे दुसऱ्याला तोच प्रयोग करून पाहता येईल. निवडक भाषणे त्याने स्वतः वाचावीत आणि यंत्राची चूक किती, ते निष्कर्षाबरोबरच सांगावे. आणि प्रश्न हयात माणसांच्या मताचा असेल, तर त्यांच्या दाराशी जाऊन त्यांनाच विचारावे.