पऱ्हाटीच्या मुळाशी

विदर्भातल्या काळ्या रानातली बीटी पऱ्हाटी उपटून बघा. केसमुळांना चिकटलेली चिमूटभर माती हाती येते, आणि तेवढ्यात कोट्यवधी जिवाणू नांदत असतात. बोंडअळी मारण्यासाठी पऱ्हाटीत घातलेलं जनुकही मूळचं मातीतल्याच एका जिवाणूचं आहे! १९०१ साली जपानमध्ये रेशीमकिड्यांच्या रोगाचा माग काढताना तो सापडला. पुढे जर्मनीतल्या थुरिंजिया प्रांतावरून त्याचं नाव पडलं बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच बीटी.

२००२ साली भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. आज देशातला बहुतेक कापूस बीटीच आहे. त्याचा पालापाचोळा आणि मुळं रानात कुजतात, तेव्हा त्या जनुकामुळे झाडात तयार होणारं अळीमारक प्रथिन पुन्हा मातीत उतरतं. मग तिथल्या सूक्ष्मजीवांचं काय होतं?

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या गुंथर स्टॉट्झ्की यांच्या चमूने १९९९ मध्ये दाखवलं, की बीटी मक्याची जिवंत मुळंसुद्धा हे प्रथिन मातीत सोडतात. त्याआधीच्या प्रयोगांत तर आणखी नवल दिसलं होतं. माँटमोरिलोनाइट या चिकणमातीच्या कणांना प्रथिन घट्ट बिलगतं, सूक्ष्मजीवांना ते सहज पचवता येत नाही, आणि २३४ दिवसांनंतरही त्याची कीडमार शक्ती टिकून होती. पावसात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या आपल्या काळ्या मातीत याच कुळातली चिकणमाती भरपूर असते.

तरी जिवाणू मरत नाहीत. हे प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतं, तिथल्या ठरावीक ग्राहक रेणूंवर बसतं आणि आतड्याला भोकं पाडतं. जिवाणूला असं आतडंच नाही. उलट मोकळं राहिलेलं प्रथिन त्याचं अन्न होतं. म्हणूनच बहुतेक अभ्यासांत सूक्ष्मजीवांमध्ये दिसलेले बदल छोटे आणि तात्पुरते निघाले. जमिनीचा प्रकार, हंगाम आणि पिकाची वाढ यांनी पडणारा फरक त्याहून मोठा होता.

पण ही ग्वाही बीटीपुरतीच. तणनाशक सहन करणाऱ्या पिकांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. ग्लायफोसेट हे तणनाशक ज्या विकरावर घाव घालतं, ते तणांत असतं तसं कित्येक जिवाणूंतही असतं. म्हणजे प्रत्येक जनुकाची परीक्षा वेगळी, आणि ती प्रत्येक मातीत घ्यायला हवी.

आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश असे बारा निकष असतात. जिवाणूंची मोजणी त्यात नाही. ज्यांच्या जिवावर रान पिकतं, त्यांच्यासाठी तेरावा रकाना हवाच.