अहवाल-प्रणालीतील अवलंबी प्राचलांची रचना : न्हावा शेवा बंदराच्या संदर्भात

प्रस्तावना

संगणकीकृत अहवाल तयार करताना वापरकर्त्याला प्रथम काही निवडी कराव्या लागतात. वर्ष, बंदर, टर्मिनल, मालाचा प्रकार इत्यादी निवडींना प्राचल, म्हणजेच पॅरामीटर, असे म्हणतात. ज्या प्राचलाची यादी आधीच्या निवडीनुसार बदलते, त्यास अवलंबी प्राचल म्हणता येईल. प्रवेश अर्जात रायगड जिल्हा निवडताच तालुक्यांच्या यादीत उरण, पनवेल, अलिबाग अशी रायगडमधीलच नावे दिसतात, हे त्याचे परिचित उदाहरण होय. ही सोय केवळ पडद्यावरील सुटसुटीतपणासाठी असते असा समज आढळतो. वस्तुतः अवलंबी प्राचलांची मांडणी म्हणजे व्यवहारातील संबंधांची मांडणी होय. तो संबंध चुकला तर अहवाल बिनचूक दिसतो, परंतु त्यातील माहिती दिशाभूल करते. प्रस्तुत लेखात हा मुद्दा न्हावा शेवा बंदराच्या आधारे स्पष्ट केला आहे.

बंदरव्यवहारातील अवलंबित्व

उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. जागतिक स्थान-संकेतावलीत प्रत्येक ठिकाणास पाच अक्षरी संकेत असतो. त्यातील पहिली दोन अक्षरे देशाची व पुढील तीन ठिकाणाची असतात. न्हावा शेवाच्या 'आयएनएनएसए' या संकेतात 'आयएन' हा भारताचा निर्देश आहे. म्हणजे देश आणि बंदर यांतील अवलंबित्व संकेतातच अंतर्भूत आहे. मुंबई बंदराचा संकेत 'आयएनबीओएम' असा स्वतंत्र आहे. बोलण्यात दोन्ही बंदरे 'मुंबई' या एकाच नावाखाली येतात, परंतु यादीत ती वेगळी न दाखविल्यास एकाची माहिती दुसऱ्याच्या नावे वाचली जाण्याचा धोका असतो.

मालाच्या वर्गीकरणातही हीच उतरंड आहे. सीमाशुल्काच्या सुसंवादी पद्धतीत पहिले दोन अंक प्रकरणाचे, चार अंक शीर्षाचे आणि सहा अंक उपशीर्षाचे असतात. भारतात हे वर्गीकरण आठ अंकांपर्यंत नेले आहे. ०८ हे प्रकरण फळांचे, ०८०६ हे शीर्ष द्राक्षांचे आणि ०८०६१० हे उपशीर्ष ताज्या द्राक्षांचे आहे. नाशिकच्या द्राक्षनिर्यातीचा अहवाल मागणाऱ्यास हजारो संकेतांची सलग यादी देण्याऐवजी तीन टप्प्यांत निवड देणे सोयीचे ठरते.

मांडणीची पद्धती

रिपोर्टिंग सर्व्हिसेस, क्रिस्टल रिपोर्ट्स, बर्ट आदी प्रणालींत तपशील भिन्न असले तरी तत्त्व एकच आहे. पहिल्या प्राचलाची यादी स्वतंत्र क्वेरीतून येते. दुसऱ्याच्या क्वेरीत पहिल्याचे मूल्य अट म्हणून घालावे लागते. अहवालाच्या मुख्य क्वेरीत दोन्ही अटी असतात. रिपोर्टिंग सर्व्हिसेसमध्ये प्राचलांचा क्रमही महत्त्वाचा असतो : ज्यावर अवलंबून राहायचे ते प्राचल यादीत आधी असावे लागते. पडद्यावर नाव दाखवावे, पण क्वेरीकडे संकेत पाठवावा, कारण नावे बदलतात. वापरकर्त्यास एकाहून अधिक पर्याय निवडण्याची मुभा असल्यास 'बरोबर' या चिन्हाची अट अपुरी पडते. तेथे 'पैकी एक' अशा अर्थाची 'इन' ही अट वापरावी लागते.

काळाचे अवलंबित्व

बहुतेक चुका येथेच संभवतात. न्हावा शेवा येथे आरंभी बंदराचे स्वतःचेच कंटेनर टर्मिनल होते. १९९९ मध्ये न्हावा शेवा इंटरनॅशनल कंटेनर टर्मिनल हे खाजगी टर्मिनल सुरू झाले. २००६ मध्ये गेटवे टर्मिनल्स इंडिया आले. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारत मुंबई कंटेनर टर्मिनल्सच्या पहिल्या टप्प्याचे लोकार्पण झाले. २०२२ मध्ये बंदराचे स्वतःचे टर्मिनल खाजगी भागीदारीत देण्यात येऊन ते न्हावा शेवा फ्रीपोर्ट टर्मिनल या नावाने ओळखले जाऊ लागले. म्हणजेच टर्मिनलची यादी केवळ बंदरावर अवलंबून नसून वर्षावरही अवलंबून आहे.

वर्षाची अट न ठेवल्यास २००३ हे वर्ष व २०१८ चे टर्मिनल अशी निवड शक्य होते. अहवाल कोरा येतो. वाचक त्यास 'शून्य कंटेनर' समजतो आणि तो आकडा सरासरीत मिसळला की सर्व टर्मिनलांची सरासरी अकारण घटते. उलटपक्षी, यादी केवळ आजच्या नावांवरून केल्यास २०१० मधील बंदराच्या स्वतःच्या टर्मिनलची हाताळणी खाजगी चालकाच्या नावे दिसते. पहिल्या चुकीत आकडा बिघडतो, तर दुसऱ्या चुकीत आकडा बरोबर असूनही त्याचा अर्थ बिघडतो. खाजगीकरणाच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्यास ही दुसरी चूक अधिक घातक आहे.

यावर उपाय म्हणजे बंदर व टर्मिनल यांच्या संबंधाच्या तक्त्यात आरंभ व समाप्ती असे दोन दिनांक ठेवणे. यादीच्या क्वेरीत पुढील अट असावी : आरंभ दिनांक निवडलेल्या वर्षाच्या अखेरीनंतरचा नसावा, आणि समाप्ती दिनांक रिक्त असावा किंवा त्या वर्षाच्या प्रारंभापूर्वीचा नसावा. त्यामुळे २०२२ या वर्षी जुने व नवे अशी दोन्ही नावे दिसतील, आणि तेच योग्य आहे. मालाच्या संकेतांनाही हाच नियम लागू पडतो, कारण त्यांच्या जागतिक वर्गीकरणात २००७, २०१२, २०१७ व २०२२ या वर्षी सुधारणा झाल्या. याशिवाय, नोंद उपलब्ध नसल्यास अहवालात 'नोंद नाही' असे स्पष्ट छापावे. शून्य ही मोजून मिळालेली संख्या आहे, तर कोरी जागा हा माहितीचा अभाव आहे.

निष्कर्ष

अवलंबी प्राचलांची तांत्रिक मांडणी अल्पावधीत शिकता येते. मात्र कोणती गोष्ट कशावर आणि केव्हापासून अवलंबून आहे, हे ठरविण्यासाठी विषयाचे ज्ञान लागते. म्हणून हा भाग केवळ संगणक विभागाचा न मानता वाणिज्य, अर्थशास्त्र व संगणकशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे शिकविणे उचित ठरेल. विद्यार्थ्याने क्वेरी लिहिण्यापूर्वी त्या बंदराचा कालपट कागदावर मांडावा. यादी कशी असावी, हे त्या कालपटावरूनच ठरते.