क्लच जड झालाय? आधी वायर बघा

पावसाळा सरला की गॅरेजसमोर मोटारसायकलींची रांग लागते आणि त्यात एक तक्रार हमखास असते : क्लच जड झालाय. बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटापाशी थांबत, बाजारातल्या गर्दीतून इंचाइंचाने सरकत गाडी चालवणाऱ्याला ही तक्रार किरकोळ वाटत नाही. संध्याकाळपर्यंत अंगठ्याच्या बुडाशी कळ येते, बोटे आखडतात. मग घरचे म्हणतात, "वय झालं आता, गाडी विका आणि स्कूटर घ्या." आमचे एक सहकारी तर महिनाभर मनगटाला मलम चोळत होते. दुखणे होते गाडीच्या वायरचे!

दुसरा फटका खिशाला बसतो. क्लच जड झाला की "प्लेटी गेल्या" असे सांगणारे काही महाभाग भेटतात. प्लेटी झिजल्या की क्लच घसरतो, म्हणजे इंजिन नुसते ओरडते आणि गाडी त्या मानाने उचलत नाही. लिव्हर जड होणे हे त्याचे लक्षण नव्हे. तेव्हा इंजिनचे झाकण उघडू देण्याआधी वायर तपासून घ्यावी.

ही वायर म्हणजे नळीतून सरकणारी, बारीक तारांचा पीळ असलेली दोरी. इंग्रजीत तिला बोडेन केबल म्हणतात. अर्नेस्ट बोडेन या गृहस्थाने 1896 मध्ये तिचे पेटंट घेतले. युक्ती साधी असली तरी तार आणि नळी यांच्यातले घर्षण हा तिचा शत्रू. लिव्हरजवळचे रबरी टोपण फाटले की पावसाचे पाणी आत उतरते, गंज धरतो. गाडी धुताना प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट तिथेच मारला, तर उरलेसुरले वंगणही जाते. वायर कुठे टाकीखाली चेपली असेल किंवा हँडलपाशी एकदम वळली असेल, तर तिथेही ती अडकते.

दोष कुठे आहे हे घरच्या घरी कळते. इंजिन थंड असताना ॲडजस्टर सैल करावा आणि इंजिनकडच्या दांडीतून वायरचे टोक सोडवावे. आता लिव्हर दाबून पाहावी. तरीही जड वाटली, तर दोष वायरमध्ये किंवा लिव्हरमध्ये आहे. वरचे टोकही काढून तार हाताने मागेपुढे ओढली की दोघांतला गुन्हेगार सापडतो. दोन्ही अगदी हलके चालत असतील, तर मात्र इंजिनकडची दांडी, तिचा कोन आणि आतल्या स्प्रिंगा मेस्त्रीने पाहायला हव्यात.

तार नुसतीच कोरडी असेल तर तेल पाजावे. वायरचे वरचे टोक उंच धरायचे, प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून त्याचे नाळके करायचे, ते नळीच्या तोंडाला घट्ट बांधून त्यात पातळ तेल ओतायचे. तार हळूहळू मागेपुढे हलवत राहायचे. खालून आधी काळपट तेल गळते, मग स्वच्छ येते. याला घाई चालत नाही. रविवारची सकाळच हवी. जाड ग्रीस नळीत कोंबू नये, त्यात धूळ चिकटते. काही वायरींच्या नळीला आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते. त्यांना तेल घालावे की नाही, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे.

तारेचा एखादा जरी पदर तुटलेला दिसला, तर तेल घालण्यात अर्थ नाही. टोकाच्या धातूच्या गोळीपाशी नीट निरखून पाहावे. पदर बहुधा तिथेच एकेक करून सुटत जातात आणि एक दिवस भर रस्त्यात तार तुटते. वायर आपल्याच मॉडेलची घ्यावी. जुनी काढण्याआधी ती कुठून कशी गेली आहे ते लक्षात ठेवावे, हल्ली मोबाइलवर फोटो काढून ठेवला की काम भागते.

लिव्हरचा बोल्ट काढून पुसावा, तिथे मात्र ग्रीसचा पातळ हात द्यावा. बोल्ट नको तितका आवळला तरी लिव्हर जड होते. गाडी पडून लिव्हर वाकली असेल, तर ती बदलणेच बरे.

शेवटी ढिलाई लावायची. लिव्हरच्या टोकाशी साधारण 10 ते 15 मिलिमीटर मोकळी हालचाल बहुतेक गाड्यांना चालते, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. ढिलाई अजिबात ठेवली नाही तर क्लच सतत अर्धवट दाबलेला राहतो, आणि मग प्लेटी खरोखरच जळतात. हँडल पूर्ण डावीकडे व उजवीकडे वळवून ही ढिलाई बदलत नाही ना, तेही पाहावे.

लांबच्या प्रवासाला जाणारे काही जण जुन्या वायरीशेजारून दुसरी नवी वायर आधीच ओढून, तिची टोके प्लॅस्टिकने बांधून ठेवतात. चोर्ल्याच्या घाटात तार तुटलीच, तर टाकी न उतरवता फक्त दोन टोके अडकवायची.