अचूक माप आणि काटेकोर माप

धान्याचें पोतें काट्यावर चढविलें, तीन वेळां जोखलें आणि तिन्ही वेळां तोच आंकडा आला, म्हणजे त्या काट्याविषयीं कोणाचीहि खात्री पटते. बाजारांत माल नेणारा शेतकरी एवढ्यावर समाधान मानून पावती घेतो. परंतु तोच आंकडा पुन्हां पुन्हां येणें आणि तो आंकडा खरा असणें, या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. या लेखांत आम्ही पहिलीस काटेकोरपणा व दुसरीस अचूकपणा म्हणूं.

बरोबर १०० किलो भरणारें एक पोतें दोन काट्यांवर चार चार वेळां जोखलें, असें समजा. पहिल्या काट्यानें ९८.०, ९८.१, ९७.९ व ९८.० किलो दाखविले. दुसऱ्यानें ९९, १०१, १०१ व ९९. पहिला काटा काटेकोर खरा, पण अचूक नव्हे. दुसरा डळमळीत आहे, तथापि त्याच्या चार मापांची सरासरी खऱ्या वजनाइतकीच येते. अशीं ५० पोतीं पहिल्या काट्यावर घातलीं, तर एक क्विंटल मालाचे पैसे बुडतात आणि कोणास संशयहि येत नाहीं.

असें कां व्हावें? वारा, हादरा, वाचणाऱ्याची नजर यांमुळें होणारी चूक कधीं वर तर कधीं खालीं जाते. म्हणून अनेक मापांची सरासरी काढली कीं ती कमी होते. चार मापांच्या सरासरींत ती सुमारें निम्म्यावर येते. परंतु काट्यांतच दोष असेल तर चूक नेहमीं एकाच बाजूस पडते. शंभर वेळां जोखलें तरी ती हटत नाहीं. तिला उपाय एकच : खात्रीच्या मापाशीं ताडून पाहणें.

पावसाच्या मापांतहि हाच प्रकार घडतो. भारतीय हवामान खात्याच्या पर्जन्यमापकांत १०० व २०० चौरस सेंटीमीटर तोंडाचीं नरसाळीं असतात, आणि प्रत्येकाची मोजपात्री निराळी असते. दहा मिलीमीटर पाऊस झाला असतां मोठ्या नरसाळ्यांतून २०० घन सेंटीमीटर पाणी जमतें. तें लहान नरसाळ्याच्या मोजपात्रींत ओतलें, तर पाऊस २० मिलीमीटर दिसतो. तें पाणी कितीहि वेळां मोजलें तरी उत्तर वीसच. आणि त्यावर विसंबून ज्यानें पाण्याची पाळी लांबविली, त्याचें पीक सुकतें.

विजेच्या काट्यावर दशांशापर्यंत आंकडे उमटतात, म्हणून ते खरे ठरत नाहींत. माल घालण्यापूर्वीं रिकामा काटा शून्य दाखवितो कीं नाहीं, तें पाहावें. मग सरकारी मुद्रा असलेलीं वजनें, शक्य तों मालाइतकीं जड, म्हणजे पोत्यासाठीं वीस किलोचीं पांच, ठेवून आंकडा ताडावा; हलक्या वजनावर दोष लपून राहतो. त्यानंतर तेंच पोतें त्याच जागीं पुन्हां पुन्हां ठेवून जोखावें. पहिल्या परीक्षेनें अचूकपणा कळतो, दुसरीनें काटेकोरपणा. व्यापारी वजनमापांची ठराविक मुदतीनें पडताळणी २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्यानें सक्तीची केली आहे. म्हणून पडताळणीचा दाखला मागण्यांत आमच्या बांधवांनीं संकोच मानूं नये.