हस्ताचा पाऊस आणि नवरात्रातील आकाश

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घट बसतात. देवघरात पहिली माळ चढते, घटाखालच्या काळ्या मातीत धान्य पेरले जाते, आणि त्याच वेळी शेतकऱ्याची दृष्टी आकाशाकडे लागलेली असते. येत्या आठवड्यात पाऊस राहणार की उघडीप मिळणार? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पंचांगातील एक गोष्ट आम्हांला वाचकांच्या ध्यानात आणून द्यावीशी वाटते.

आपले सण चंद्राच्या तिथींवर चालतात. पावसाची नक्षत्रे मात्र सूर्याच्या गतीवर. सूर्य साधारण 27 सप्टेंबरला हस्तात आणि 10 ऑक्टोबरच्या सुमारास चित्रात प्रवेश करतो. नवरात्र मात्र मागेपुढे सरकते. 2025 ची घटस्थापना 22 सप्टेंबरची; 2026 ची, अधिक ज्येष्ठामुळे, 11 ऑक्टोबरची. घट तोच, माळ तीच; परंतु ऋतू 19 दिवसांनी पुढे गेलेला! 2025 च्या नवरात्रात मराठवाड्यात आणि सोलापूर भागात महापुराने हाहाकार उडाला, म्हणून पुढील नवरात्रही तसेच जाईल, असे अनुमान करणे युक्त नव्हे.

हवामान खात्याने 2020 मध्ये सुधारलेल्या सरासरी तारखांप्रमाणे मोसमी पाऊस 17 सप्टेंबरला पश्चिम राजस्थानातून माघार घेऊ लागतो, 8 ऑक्टोबरला मुंबई सोडतो आणि 15 ऑक्टोबरपर्यंत देशातून निघून जातो. प्रत्यक्षात हे दिवस दरवर्षी थोडेफार चुकतात.

यावरून आठवड्याचा अंदाज असा बांधता येतो. नवरात्र हस्तात आले, तर सकाळी स्वच्छ ऊन, दुपारी उकाडा आणि सायंकाळी गडगडाटासह सरी, हा क्रम संभवतो. हादग्याच्या पाटावर ज्या हत्तीचे चित्र काढून मुली फेर धरतात, त्या हस्ताचा हाच स्वभाव. नवरात्र चित्रात आले, तर कोकणात घामाच्या धारा आणि देशावर कोरडे ऊन, तर रात्री सुखद गारवा. तथापि बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा निर्माण झाल्यास विदर्भ-मराठवाड्यात याही काळात पाऊस येतो.

हा पाऊस वर की शाप, हे शेतावर अवलंबून असते. रब्बीच्या ज्वारीला जमिनीत ओल हवी. हस्ताची एक चांगली सर तिचे भाग्य उजळते. तीच सर कापून ठेवलेल्या सोयाबीनवर किंवा कोकणातील पिकल्या भातावर कोसळली, तर हातातोंडाशी आलेला घास जातो. पुष्कळदा ही दोन्ही पिके एकाच घरची असतात. अशा कुटुंबाने देवीपाशी पाऊस मागावा की उघडीप?

आमची वाचकांना विनंती एवढीच, की तिथी पंचांगात पाहावी आणि पावसासाठी हवामान खात्याचा रोजचा अंदाज ऐकावा. सीमोल्लंघनाला निघण्यापूर्वी मळ्यातील गंजी झाकावी. वीज कडाडू लागल्यास झाडाखाली आसरा घेऊ नये. कोजागिरीला चंद्र मेघांआड राहिला, तरी मध्यरात्रीची लक्ष्मीपूजा चुकत नाही. आटीव दुधाचा नैवेद्य दाखवून जागरण यथासांग करावे.

जगदंबेच्या कृपेने घटातील अंकुर आणि शिवारातील धान्य दोन्ही सुखरूप घरी येवोत!