दोन रुपयांवरचा आर्यभट

19 एप्रिल 1975 रोजी भारताचा पहिला उपग्रह आर्यभट सोव्हिएत अग्निबाणाने अवकाशात नेला. दुसऱ्याच दिवशी टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले, आणि पुढे दोन रुपयांच्या नोटेच्या पाठीवर त्या सव्वीस बाजूंच्या उपग्रहाचे चित्र आले. बँकेत आम्ही या नोटांची पुडकी रोज मोजत असू. हे अवकाशयुगाचे स्मृतिचिन्ह आहे, हे त्या घाईत कोणाच्या मनात येणार? मळकी नोट बाजूला काढायची आणि नाशासाठी पाठवायची, हा शिरस्ता. 1995 मध्ये तिची छपाईही थांबली. घरोघरी असलेली वस्तू अशीच नाहीशी होते. ती सर्वांकडे असल्यामुळे कोणीच जपत नाही.

खेळण्यांचेही तेच. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन हवाई व अवकाश संग्रहालयात ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातील बझ लाइटइयर या पात्राचे एक खेळणे आहे. मे 2008 मध्ये ते डिस्कव्हरी यानातून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात गेले, पंधरा महिने तेथे राहिले आणि 2012 मध्ये संग्रहालयाच्या स्वाधीन झाले. प्लॅस्टिक दुकानातल्यासारखेच, मोल आहे ते त्या प्रवासाच्या नोंदीचे. आमच्या भाषेत सांगायचे तर व्हाउचर सोबत आहे, म्हणून नोंद मान्य!

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य समजतो. जुनी नोट लाखो रुपयांना विकत घेतो, असे सांगून आधी ‘शुल्क’ मागणारे भामटे पुष्कळ आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये अशा फसवणुकीविरुद्ध जाहीर निवेदन काढले होते. ज्येष्ठांनी विशेष सावध असावे. वस्तू विकण्यासाठी नव्हे, नातवंडांना दाखवण्यासाठी ठेवावी.

23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रयान-3 चंद्रावर उतरले. त्या सुमारास रावेत-चिंचवडच्या घरांतून मुलांनी पुठ्ठ्याची याने केली असतील, कोणी प्लॅस्टिकचे रॉकेट आणले असेल. दिवाळीच्या सफाईत ते भंगारात देण्यापूर्वी जरा थांबावे. खेळण्यातील सेल काढून ठेवावेत, ते पाझरले की आतील पत्रे गंजतात. खोका टाकू नये. नोटेला किंवा तिकिटाला चिकटपट्टी लावू नये, इस्त्री तर मुळीच करू नये. आणि एका चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहावे: कोणी केले, कोठून आणले, तारीख.